दोन ‘नटसम्राट’, एकच पोस्टर: डोंबिवलीतल्या एका डीव्हीडी संग्रहाची मांडणी

डोंबिवलीतलं एक घर. बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू आणि दिवाणात रचून ठेवलेल्या साडेतीनशेच्या आसपास डीव्हीडी. निम्म्याहून जास्त मराठी-हिंदी चित्रपट, शंभरेक मराठी नाटकं, जुन्या मालिकांचे काही संच आणि उरलेल्या मुंज-लग्नांच्या डिस्क. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा स्टेशनाबाहेरून येता येता दोन-चार डिस्क पिशवीत टाकणं सगळ्यांनाच परवडू लागलं. काकांचा संग्रह फुगला तो त्याच काळात.

काकांकडे एक वही आहे. प्रत्येक डिस्कला त्यांनी खरेदीच्या क्रमाने नंबर दिलाय, तोच नंबर खोक्यावर मार्करने. वहीत नाव, कलाकार, कुठून घेतली, किती पडले. एखादं नाटक दोनदा घेतलं गेलं असेल तर समोर ‘दु.’ अशी खूण. या प्रकरणात सर्वात विश्वासाचा दस्तऐवज तोच ठरला.

प्लेअर बंद पडल्यावर पुतण्याने सुट्टीत बसून सगळा संग्रह चार टीबीच्या हार्ड डिस्कवर उतरवला, जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन हा घरातले व्हिडिओ टीव्हीपर्यंत पोचवणारा सर्व्हर बसवला, टीव्हीत ॲप टाकलं आणि तो पुण्याला परत गेला. उतरवण्याचं काम त्याने चोख केलं होतं. गडबड मांडणीत होती. प्रत्येक डिस्कचं एक फोल्डर, त्यात ‘व्हिडिओ टीएस’, आणि त्यात आयएफओ, बीयूपी आणि एकेक जीबीला तोडलेल्या व्हीओबी फायली. म्हणजे डिस्क जशी होती तशीच. फोल्डरची नावंही डिस्कच्या आत कंपनीने भरलेल्या लेबलवरून आलेली: ‘डीव्हीडी व्हिडिओ’, ‘न्यू’, ‘डिस्क वन’, ‘अनटायटल्ड’. सर्व्हरने या नावांवरून अंदाज बांधले. ‘न्यू’ला कुठल्याशा परदेशी चित्रपटाचं पोस्टर लागलं होतं.

काकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती. “अरे, सगळं आत आहे म्हणतात, पण मला एक सापडेल तर शपथ. दिवाणात सापडायचं.”

पहिल्या संध्याकाळी मी कुठल्याच फायलीला हात लावला नाही. काका-काकू टीव्हीसमोर बसून एखादी गोष्ट शोधताना काय म्हणतात, तेवढंच ऐकत बसलो. काकू म्हणाल्या, “अशोक सराफांचं काहीतरी लाव.” काका म्हणाले, “ते नाटक, मूळ संचातलं, नवं नको.” मग परत काकू: “ज्यात ते गाणं आहे ना, तिथपासून.” साल कोणी विचारलं नाही, दिग्दर्शकही नाही. कलाकार, संच आणि गाणं, या घरात शोध या तीन दारांनी होतो. सर्व्हर मात्र नाव आणि साल या दोनच गोष्टी मागतो. पुढचं सगळं काम या दोन टोकांमधलं आहे.

आधी डिस्क फोडणं

‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जेलीफिनला चालतो, पण त्यातून तो एक मुख्य चित्रपट उचलतो. डिस्कवरचा मेन्यू दाखवत नाही. एका डिस्कवर एकच चित्रपट असेल तर बिघडत नाही. भारतात मात्र ‘थ्री इन वन’चा धंदा जोरात होता. साडेआठ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कवर तीन चित्रपट कोंबायचे आणि खोक्यावर तीन चेहरे छापायचे. अशा डिस्कमधले दोन चित्रपट सर्व्हरच्या लेखी नव्हतेच. काका ज्यांना हरवले म्हणत होते त्यातले बरेच असे एकाच फोल्डरात दडलेले निघाले.

म्हणून प्रत्येक फोल्डर मेकएमकेव्ही या प्रोग्रॅममधून काढला. तो डिस्कमधल्या प्रत्येक भागाची एक एमकेव्ही फाइल करतो. डीव्हीडीसाठी तो फुकट चालतो, हार्ड डिस्कवर आधीच उतरवलेला फोल्डरही उघडतो, त्यामुळे दिवाण पुन्हा उपसावा लागला नाही. डिस्कमधले सगळे भाग लांबीसकट दिसतात आणि इथे लांबी वाचणं हीच खरी कला. दोन तास चाळीस मिनिटांचे तीन भाग म्हणजे थ्री इन वन. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे सहा भाग आणि वर अडीच तासांचा एक, तर तो शेवटचा म्हणजे ‘प्ले ऑल’: तेच सहा एपिसोड एका माळेत. तो घेतला तर जागाही दुप्पट जाते आणि सर्व्हर त्याला वेगळा एपिसोड समजतो. चार-पाच मिनिटांचे पंधरा तुकडे दिसले तर ती गाणी, मुख्य चित्रपटात आहेत तीच, फक्त मेन्यूतून थेट वाजवायला वेगळी ठेवलेली.

चित्र परत दाबून लहान करायचं की आहे तसं ठेवायचं, यावर पुतण्याचं आणि माझं फोनवर थोडं वाजलं. त्याला सगळं हँडब्रेक या व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून तिसरा हिस्सा करायचं होतं. माझा हिशेब साधा होता. साडेतीनशे डिस्क, एकीची सरासरी पाच जीबी धरली तर पावणेदोन टीबी. हार्ड डिस्क चार टीबीची. जागा असताना आधीच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असलेलं चित्र आणखी चेपायचं कशाला? एमकेव्ही करताना चित्र-आवाज जसाच्या तसा नव्या डब्यात जातो, काही गळत नाही. आहे तसंच ठेवलं.

याला एक किंमत आहे. डीव्हीडीतलं एमपेग-२ या जुन्या पद्धतीने साठवलेलं चित्र टीव्हीचं ॲप सहसा थेट वाजवतं, ब्राउझर वाजवत नाही. तिथे सर्व्हरला जागच्या जागी रूपांतर करावं लागतं. जुना डेस्कटॉप या आकाराचं चित्र सहज पेलतो, म्हणून चाललं. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर हाच संग्रह असता तर मी वेगळा सल्ला दिला असता, कारण त्यात एमपेग-२ उलगडणारं हार्डवेअरच नाही.

नाटकांना वेगळं घर

मुख्य गाठ इथे होती. पुतण्याने सगळं एकाच ‘चित्रपट’ लायब्ररीत टाकलं होतं. जेलीफिन माहिती आणि पोस्टर टीएमडीबी या इंटरनेटवरच्या चित्रपट-कोशातून आणतो. तिथे मराठी चित्रपट बऱ्यापैकी आहेत. व्हिडिओवर उतरवलेली नाटकं क्वचित. पण सर्व्हरला ‘सापडलं नाही’ म्हणायची सवय नाही, तो जवळचं काहीतरी लावून मोकळा होतो. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आलं, त्याच नावाचा चित्रपट २०१६ चा. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चं, चित्रपट २०१५ चा. काकांकडे चारही होते. पडद्यावर दोनच पोस्टर दिसत होती, दोन्ही चित्रपटांची, दोनदोनदा. नाटक लावावं म्हणून दाबलं की चित्रपट सुरू व्हायचा, आणि उलटंही.

काका भडकले होते ते पोस्टरवर नाही, त्याखालच्या कलाकारांच्या यादीवर. “हे कोण? हे नाटकात होते कधी?”

तोडगा: नाटकांची स्वतंत्र लायब्ररी, प्रकार ‘चित्रपट’च, पण इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या सगळ्या खुणा काढून टाकलेल्या. तिथे सर्व्हर फक्त फोल्डरातली एनएफओ फाइल वाचतो. ती साधी मजकुराची फाइल असते: नाव, वर्णन, कलाकार, टॅग. माहिती वहीतून आणि खोक्यावरून भरली. पोस्टरसाठी खोक्याचं पुढचं पान खिडकीजवळ धरून मोबाइलवर टिपलं आणि ‘पोस्टर’ नावाने फोल्डरात टाकलं. खोक्यावरचे ते भडक पिवळे-लाल अक्षरांचे फोटो सजवलेल्या पोस्टरांपेक्षा या घरात जास्त उपयोगी आहेत. काकू दुरूनच ओळखतात.

नावात संच घातला. एकाच नाटकाची दोन चित्रणं असली तर ‘मूळ संच’ आणि ‘नवा संच’, कंसात चित्रणाचं साल माहीत असेल तर. नाटक पहिल्यांदा कधी रंगलं ते साल वर्णनात जातं, नावात नाही, कारण डिस्कवर आहे तो प्रयोग वेगळ्याच वर्षीचा असतो. नाटकांच्या काही जुन्या व्हीसीडीही संग्रहात होत्या. त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ चं, आणि एक नाटक दोन-तीन चकत्यांवर. ते तुकडे शक्य तिथे एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फायली जोडण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये जोडून एक केले. मध्यंतर तुकड्यांच्या मधोमध येत नाही, पहिल्या अंकातच चकती संपते, ही त्या काळातली गंमत तशीच राहिली.

चित्रपटांकडे सर्व्हरचा अंदाज चालू ठेवला, पण नावासोबत साल सक्तीचं केलं. ‘श्यामची आई’ दोन आहेत, १९५३ आणि २०२३. काकांकडचा अर्थातच पहिला. सालाशिवाय सर्व्हर कुठला उचलेल याचा भरवसा नाही. सालाचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत. काकांनी हौसेने वहीतल्यासारखे देवनागरी आकडे लिहायला सांगितले होते, पण जेलीफिन सालाला शून्य ते नऊ याच इंग्रजी अंकांत शोधतो. देवनागरी ‘१९५३’ त्याला नावाचाच भाग वाटतो.

प्रभातच्या चित्रपटांनी वेगळाच घोळ घातला. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ (१९४१) आणि ‘पडोसी’ या जोड्या मराठी आणि हिंदीत वेगवेगळ्या चित्रित झालेल्या आहेत. एकाचं डबिंग दुसरा नव्हे. पुतण्याने जोडीतले दोन्ही एका फोल्डरात ठेवले आणि सर्व्हरने ती एकाच चित्रपटाची दोन रूपं मानली. हेच ‘उंबरठा’ (१९८२) आणि त्याच्या ‘सुबह’ या हिंदी रूपाचं. प्रत्येकाला आपला फोल्डर दिला आणि जोड्या बांधण्यासाठी ‘मराठी-हिंदी जोड्या’ असा एक संग्रह केला. काका एकदा मराठी पाहून लगेच हिंदी लावतात, नटांच्या संवादफेकीतला फरक ऐकायला. मला वाटतं या सर्व्हरचा सगळ्यात छान उपयोग तोच आहे.

लिपी: नाव देवनागरी, माणसं रोमन

फायलींची नावं देवनागरीत ठेवावीत का? तांत्रिक अडचण जवळजवळ नाही. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘कट्यार काळजात घुसली’ला मोकळ्या जागा धरून ५३ बाइट लागतात, म्हणजे पुरेशी उसंत आहे. रोमनमधली अडचण मोठी: ‘बनवाबनवी’ कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने, कोणी मध्ये तोडतो, शोधताना तिघांचे तीन निकाल. देवनागरीत शुद्धलेखन एकच, निदान असायला हवं. टीएमडीबीवर देवनागरी नाव कधी लागतं, कधी नाही. जिथे नाही लागलं तिथे तिथला नोंद क्रमांक फोल्डरच्या नावात चौकटी कंसात घातला, की अंदाजाचा प्रश्नच संपतो.

कलाकारांची नावं मात्र अडली. जेलीफिन माणसाला नावावरून ओळखतो. चित्रपटांसाठी टीएमडीबीवरून येणारं नाव रोमन, नाटकांच्या एनएफओत मी लिहिलेलं देवनागरी. झालं असं की अशोक सराफ दोन झाले: एकावर दाबलं तर फक्त चित्रपट, दुसऱ्यावर दाबलं तर फक्त नाटकं. या घरात ‘कलाकारावरून’ हाच शोधाचा मुख्य दरवाजा, आणि नेमका तोच दुभंगला. म्हणून नाटकांच्या फायलींतही नावं रोमनमध्ये केली, टीएमडीबीवर जसं स्पेलिंग आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता. काकांना हे रुचलं नाही. “नाटकाचं नाव मराठीत आणि नटाचं इंग्रजीत, हे काय?” मुद्दा बिनतोड होता, पण एका दाबात सगळं एकत्र दिसणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

नातवाची सबटायटल्स

काकांचा नातू अमेरिकेत वाढला, मराठी समजतं पण भरभर बोललेलं नाही. घराच्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत येणाऱ्या खाजगी वाटेने, तोही आजोबांचे चित्रपट पाहतो. त्याने खात्यात इंग्रजी सबटायटल्स ‘परकी भाषा असेल तेव्हा’ अशी ठेवली होती, आणि बहुतेक मराठी चित्रपटांना ती उमटतच नव्हती.

कारण फाइल उघडल्यावर कळलं. डिस्क बनवणाऱ्यांनी मराठी आवाजाच्या पट्टीवर भाषा म्हणून ‘इंग्रजी’ची खूण ठेवली होती. सर्व्हर म्हणत होता, आवाज इंग्रजीच आहे, मग इंग्रजी सबटायटल कशाला? या देशातल्या स्वस्त डिस्कमध्ये हे सर्रास आढळतं. एमकेव्हीटूलनिक्समधल्या एका छोट्या साधनाने ती खूण बदलून मराठीचा ‘एमएआर’ हा कोड टाकता येतो. चित्र-आवाजाला हात न लावता, फाइलमागे एखादा सेकंद. हिंदी-मराठी दोन पट्ट्या असलेल्या डिस्कमध्ये कुठली पट्टी कुठली, ते कानाने ऐकूनच ठरवावं लागलं. ते काम काकूंनी केलं, भाजी निवडता निवडता.

डीव्हीडीतली सबटायटल्स अक्षरं नसतात, छोटी छोटी चित्रं असतात. काही ॲपना ती दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती चित्रात भाजून पाठवतो आणि पूर्ण चित्रपटाचं रूपांतर करत बसतो. नातवाच्या आवडीचे तेवढे चित्रपट निवडून त्यांची सबटायटल्स ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममधून साध्या मजकुरात काढली. सगळ्यांची करायची गरज नव्हती.

गाण्यापाशी जाणं

काकूंच्या तिसऱ्या दाराचं उत्तर डिस्कवरच होतं. हिंदी-मराठी डीव्हीडीत चॅप्टर बहुधा गाण्यांपाशी पाडलेले असतात आणि एमकेव्ही करताना ते टिकतात. फक्त त्यांना नाव नसतं, ‘चॅप्टर ७’ एवढंच. काकूंच्या लाडक्या चित्रपटांत गाण्याच्या मुखड्याचे पहिले दोन शब्द चॅप्टरला नाव म्हणून दिले. काही डिस्कमध्ये चॅप्टर दर पाच मिनिटांनी यांत्रिकपणे पाडलेले होते. तिथे गाणं कुठे सुरू होतं ते मिनिट-सेकंद पाहून नवे टाकले. वेळखाऊ काम, पण रोज वापरात येणारं हेच.

चित्राच्या दोन तक्रारी राहिल्या. नाटकं व्हिडिओ कॅमेऱ्याने सेकंदाला पन्नास अर्धचौकटींत घेतलेली, त्यामुळे नटाने हात फिरवला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसायचे. डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्धचौकटींपासून पूर्ण चौकटी करणारी सोय, चालू केल्यावर ते गेले. दुसरं म्हणजे काही चित्रपटांत रुंद चित्र जुन्या चौकोनी चौकटीत बसवलेलं आहे. आजच्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळी पट्टी. टीव्हीच्या झूमने भागतं. काकांना चौकट काळी दिसली तरी चालते, नातवाला नाही. त्याच्यासाठी दोन-तीन चित्रपट हँडब्रेकमधून कापून पुन्हा काढले.

कायद्याचं एक सांगायला हवं. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. संरक्षक कुलूप हक्क मोडण्याच्या हेतूने तोडणं त्यात गुन्हा आहे, पण कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळलेली आहे. कलम ५२ खाजगी वापरासाठी उचित वापराला जागा देतं. विकत घेतलेल्या डिस्कची घरात ठेवलेली प्रत त्यात कितपत बसते यावर वकील वाद घालू शकतील. वाटप बसत नाही यावर नाही. मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला तेव्हा काकांनीच “इथे बसून बघा, चहाही मिळेल” म्हणून विषय संपवला. डिस्क दिवाणातच आहेत, फेकलेल्या नाहीत.

वहीतला नंबर प्रत्येक नोंदीला टॅग म्हणून गेला. त्यामुळे पडद्यावरचं नाटक आणि दिवाणातलं खोकं एकमेकांना सापडतात, आणि ‘दु.’ खूण असलेल्या डिस्क लगेच कळल्या. दुप्पट असलेल्यांपैकी ज्याच्यावर ओरखडे कमी ती प्रत ठेवली. काही डिस्क पुतण्याच्या वेळीच वाचल्या गेल्या नव्हत्या. डोंबिवलीच्या दमट हवेत चकतीवर बुरशीचे ठिपके येतात. कोमट साबणपाण्याने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर त्यातल्या काही चालल्या. गोल गोल पुसलं तर ओरखडा माहितीच्या रेषेला समांतर पडतो आणि वाचणं आणखी अवघड होतं. उरलेल्या वहीत लाल शाईने गेल्या.

मुंज-लग्नांच्या डिस्क ‘घरचे व्हिडिओ’ या तिसऱ्या लायब्ररीत, तारखेवार, आणि ती फक्त घरच्यांच्या खात्यांना दिसते. एनएफओ फायली चित्रपटांशेजारीच साठवायची सोय चालू ठेवली आहे, म्हणजे उद्या सर्व्हरचा डेटाबेस उडाला तरी हाताने भरलेली माहिती फोल्डरातच राहील. संपूर्ण हार्ड डिस्कची दुसरी प्रत पुण्याला पुतण्याकडे आहे.

कलाकारांच्या नावांचा प्रश्न काकांनी सोडलेला नाही. चित्रपटांच्या नोंदींतली नावंही हाताने देवनागरीत करून नोंदीला कुलूप लावता येतं, मग टीएमडीबी ती पुन्हा बदलत नाही. सगळे चित्रपट झाले की नाटकांच्या फायली मजकुराच्या असल्यामुळे एका झटक्यात बदलता येतील. मधल्या काळात मात्र प्रत्येक नट पुन्हा दोन राहील, हे सांगूनही काकांनी ‘अ’पासून सुरुवात केली आहे. सध्या ते ‘उ’वर आहेत, रोज संध्याकाळच्या बातम्यांनंतर एखाद-दोन चित्रपट, चष्मा कपाळावर ढकलून.